व्हॅक्यूम सेकंडरी होली: स्प्रिंग कशी निवडायची

अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला, क्षणभर गाडी दबली आणि मग पाठीत दणका देऊन सुटली, की पुष्कळ जण खूश होतात. ‘सेकंडरी मस्त उघडल्या’ म्हणतात. सेकंडरी म्हणजे कार्बोरेटरच्या मागच्या दोन वाटा; एरवी पुढच्या दोन, म्हणजे प्रायमरी, काम करतात आणि इंजिनाला जास्त हवा लागली की या उघडतात. माझ्या मते तो दणका म्हणजे बिघाड आहे. आधी गाडी दबते म्हणूनच नंतरची ओढ मोठी वाटते. हवेच्या ओढीने आपोआप उघडणाऱ्या, म्हणजे व्हॅक्यूम सेकंडरी नीट लावलेल्या असतील तर त्या कधी उघडल्या हे बसणाऱ्याला कळतही नाही. गाडी एकसलग ओढते, आणि घड्याळ लावून पाहिलंत तर तीच लवकर पोचते.

माझी गाडी १९७० ची शेव्हरोले शेव्हेल. ३५० क्युबिक इंचाचं इंजिन, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, आणि मूळच्या क्वाड्राजेट कार्बोरेटरच्या जागी, मॅनिफोल्ड (कार्बोरेटरपासून सिलिंडरपर्यंत मिश्रण नेणारा भाग) बदलून, ६०० सीएफएमचा, म्हणजे मिनिटाला ६०० घनफूट हवेचा, होली ४१६० कार्बोरेटर. पुढचं सगळं याच जातीच्या कार्बोरेटरबद्दल आहे. क्वाड्राजेट किंवा कार्टर एएफबीला ते लावू नका. त्यांच्या सेकंडरी प्लेट (वाट उघडणाऱ्या-मिटणाऱ्या चकत्या) लिंकेजनेच उघडतात आणि हवेवर ताबा वरच्या वेगळ्या झडपेचा असतो.

‘३५० ला ६०० कमी पडत नाही का?’ हे मला नेहमी विचारतात. हिशोब सोपा आहे: क्युबिक इंच गुणिले आरपीएम, भागिले ३४५६. ५५०० आरपीएमला येतात साधारण ५५७ सीएफएम, तेही सिलिंडर शंभर टक्के भरले तर. रस्त्यावरचं साधं इंजिन एवढं कधीच भरत नाही. त्यामुळे ६०० भरपूर झाला.

आता हे चालतं कसं ते पक्कं डोक्यात बसवा, कारण निम्म्या चुका इथेच होतात. सेकंडरी उघडतो एक लवचिक पडदा, डायफ्राम. त्याला ओढणारा व्हॅक्यूम मॅनिफोल्डचा नसतो. पूर्ण थ्रॉटलला मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम जवळपास उरतच नाही. हा व्हॅक्यूम येतो व्हेंच्युरीतून, म्हणजे कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यातून. प्रायमरीतून हवा जोरात जायला लागली की तिथला दाब उतरतो, तो एका बारीक वाटेने डायफ्रामच्या वरच्या बाजूला पोचतो, डायफ्राम स्प्रिंगला दाबत वर जातो आणि त्याची दांडी सेकंडरीचा शाफ्ट फिरवते. म्हणजे न्यूट्रलमध्ये रेस देऊन ‘सेकंडरी उघडतच नाहीत’ म्हणणं व्यर्थ आहे. लोड नसताना इंजिन तेवढी हवा घेतच नाही.

दुसरी गोष्ट, या कार्बोरेटरला सेकंडरीच्या बाजूला पाय दाबताच जादा पेट्रोल फवारणारा अ‍ॅक्सिलरेटर पंप नसतो. प्लेट वेळेआधी उघडल्या तर हवा लगेच आत येते, पेट्रोल मागे राहतं, मिश्रण लीन होतं आणि गाडी दबते. काही जण लिंकेजच्या खाचेत स्क्रू घालून सेकंडरी प्रायमरीला बांधून टाकतात. कृपा करून हे करू नका. पंप नसलेल्या सेकंडरीला ते जबरदस्तीने उघडणं आहे.

स्प्रिंगला हात लावायच्या आधी टायमिंग, म्हणजे ठिणगी किती आधी पडते ते, बघा. माझ्या या स्मॉल ब्लॉक इंजिनाला आयडलला १० ते १२ डिग्री आणि एकूण ३४ ते ३६ डिग्री मानवतं. पेट्रोलचा दाब ५ ते ७ पीएसआय. फ्लोटची, म्हणजे बाउलमधलं (कार्बोरेटरच्या वाटीतलं) पेट्रोल राखणाऱ्या तरंग्याची, पातळी अशी ठेवा की बाउलचा बाजूचा प्लग काढल्यावर पेट्रोल भोकाच्या खालच्या कडेला जेमतेम लागेल. हे चालू इंजिनवर बघायचं असतं, तेव्हा खाली फडकं धरा आणि आग विझवायचा सिलिंडर हाताशी असू द्या. खाली तापलेलं मॅनिफोल्ड आहे. पाया कच्चा असेल तर स्प्रिंगा बदलत बसाल आणि हाती काही लागणार नाही.

मग इंजिन बंद करून प्रायमरी हाताने पूर्ण उघडा आणि सेकंडरीचा लिव्हर बोटाने फिरवा. प्लेट सरळ उभ्या झाल्या पाहिजेत आणि सोडल्यावर कुठेही न अडकता परत आल्या पाहिजेत. अडकत असतील तर आधी त्यांचा स्टॉप स्क्रू बघा. तो खालून असतो, म्हणजे कार्बोरेटर उतरवणं आलं. प्लेट पूर्ण मिटेपर्यंत स्क्रू सैल करा, मग लिव्हरला टेकल्यावर पाव ते अर्धा फेरा आत घ्या. एवढी फट राहिली की प्लेट भिंतीत रुतत नाहीत.

डायफ्रामची तपासणी मात्र निवांत करा. दांडीची छोटी क्लिप काढा, तीन स्क्रू सोडून डायफ्रामचं घर बाजूला काढा. दांडी वर ढकलून धरा, व्हॅक्यूमच्या भोकावर बोट दाबा आणि दांडी सोडा. ती वरच थांबली पाहिजे. हळूहळू उतरली तर डायफ्राम फाटलाय किंवा झाकणाखाली नीट बसलेला नाही. परत बसवताना दांडी वर धरून डायफ्राम सपाट ठेवा, त्याचं बारीक भोक घराच्या भोकाशी जुळवा, आणि मगच झाकणाचे स्क्रू थोडे थोडे, आलटून पालटून आवळा. घर आणि कार्बोरेटर यांच्यामधला इवलासा गॅस्केट नीट बघून बसवा. तो फाटका असला की व्हॅक्यूम तिथेच गळतो आणि दोष उगाच स्प्रिंगवर येतो. वाटेत एक बारीक गोळी असते, ती काढू नका. तिच्यामुळे सेकंडरी सावकाश उघडतात, पण पाय उचलला की झटकन मिटतात.

आता स्प्रिंगा. होलीच्या किटमध्ये त्या रंगाने ओळखायच्या. सगळ्यात हलकी पांढरी, मग आखूड पिवळी, लांब पिवळी, जांभळी, बिनरंगाची, तपकिरी, आणि सगळ्यात कडक काळी. दोन पिवळ्यांची गल्लत करू नका, लांबी बघून घ्या. तुमच्या कार्बोरेटरमध्ये कोणती आहे ते झाकण उघडून बघा आणि तिथूनच सुरुवात करा. जड गाडी आणि मागे २.७३ सारख्या गिअर-गुणोत्तराचा एक्सल असेल तर कडक स्प्रिंग लागते. हलकी गाडी आणि ४.११ असेल तर हलकी चालते. स्प्रिंग कापू नका, ताणू नका. स्प्रिंगा वारंवार बदलायच्या असतील तर वरून दोन स्क्रूंनी उघडणारं झाकण जरूर घ्या. मूळ झाकणाच्या काही स्क्रूंपर्यंत हात पोचता पोचत नाही.

प्लेट किती उघडतात ते कागदाच्या साध्या क्लिपने कळतं. क्लिप दांडीवर घट्ट बसवा आणि वर सरकवून घराच्या बुडाला टेकवा. ड्रॅग स्ट्रिपवर किंवा बंद ट्रॅकवर एकदा पूर्ण थ्रॉटल देऊन या. दांडी वर जाताना घर क्लिपला खाली ढकलतं, आणि दांडी परतली की घर आणि क्लिप यांच्यामध्ये जेवढं अंतर दिसेल तेवढी ती वर गेली होती. हाताने पूर्ण उघडून दांडीची एकूण चाल आधी मोजून ठेवा, म्हणजे तुलना करता येते. क्लिप जागची हललीच नाही तर स्प्रिंग फार कडक आहे किंवा डायफ्राम गळतोय. अर्ध्यावर थांबली तर घाबरू नका. छोट्या इंजिनाला कदाचित तेवढीच हवा लागते.

मग एकेक पायरी हलकी स्प्रिंग घालत जा आणि दर वेळी तोच गिअर, तोच वेग धरून वेळ मोजा. पाठीला काय वाटतं यावर जाऊ नका. ज्या स्प्रिंगला गाडी किंचितही दबली, तिच्या आधीची कडक स्प्रिंग तुमची.

स्प्रिंग ठरली की शेवटी मिश्रण. हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा वाइडबँड मीटर असेल तर पूर्ण थ्रॉटलला १२.५ ते १२.८ च्या आसपास यायला हवं. सेकंडरी उघडल्यावरच लीन होत असेल तर लक्षात घ्या, ४१६० च्या सेकंडरीला बदलायचे जेट (पेट्रोल मोजून सोडणारे भोकाचे स्क्रू) नसतात, तिथे मीटरिंग प्लेट असते आणि ती अख्खी बदलावी लागते. किंवा जेटवाला मीटरिंग ब्लॉक बसवता येतो, पण तो जाड असल्यामुळे बाउलचे स्क्रू आणि पेट्रोलची आडवी नळी, दोन्ही लांब लागतात. किट घेताना ते आत आहेत का, एवढं बघून घ्या.