मेंदूच्या भागाचं नाव म्हणजे उत्तर नव्हे: बायोसायकॉलॉजी शिकताना या चुका टाळा

पुण्यात मानसशास्त्र शिकणाऱ्यांची कमी नाही. बी.ए.चे विद्यार्थी आहेत, तसे सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत बसून यूपीएससीसाठी हा ऐच्छिक विषय घेणारेही आहेत. बहुतेकांच्या वहीत बायोसायकॉलॉजीचं, म्हणजे मेंदू आणि वर्तन यांच्या नात्याचं, एक पान हमखास असतं: डावीकडे मेंदूचे भाग आणि रसायनं, उजवीकडे कामं, मध्ये बाण. हिप्पोकॅम्पस म्हणजे स्मरणशक्ती, अमिग्डाला म्हणजे भीती, डोपामिन म्हणजे आनंद. परीक्षेच्या आदल्या रात्री हे पान आधार देतं खरं, पण पुढच्या बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात.

हिप्पोकॅम्पसचंच बघा. १९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलेसन या २७ वर्षांच्या तरुणाच्या फिट्स थांबाव्यात म्हणून दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग आणि त्याच्या आसपासचा भाग काढून टाकला. त्यानंतर नवी घटना त्याच्या लक्षात राहीना. मग मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात पाहून चांदणीची आकृती गिरवायला दिली. रोज त्याचा हात सुधारत गेला, आणि रोज तो सांगायचा की हे काम मी कधी केलेलंच नाही. जुन्या आठवणीही बऱ्याच शाबूत होत्या. म्हणजे स्मरण ही एकच गोष्ट नाही. ‘स्मरणशक्तीचं केंद्र’ असं लिहिण्याऐवजी ‘नव्या घटनांची टिकाऊ आठवण तयार होण्यासाठी आवश्यक’ असं लिहा. चार शब्द जास्त लागतात, पण उत्तर बरोबर येतं.

प्रत्येक बाणापाशी स्वतःला विचारा: हे कळलं कसं? तो भाग निकामी झाल्यावर काही बिघडलं, त्याला उद्दीपन दिल्यावर काही घडलं, की वर्तन चालू असताना तो भाग नुसता सक्रिय दिसला? शेवटच्या प्रकारात फक्त दोन गोष्टी सोबत घडतात एवढंच कळतं. एफएमआरआय या मेंदूच्या स्कॅनची रंगीत चित्रं बघताना हे फार विसरलं जातं. ते यंत्र न्यूरॉनचे, म्हणजे मेंदूतल्या चेतापेशींचे, संदेश थेट मोजत नाही, रक्तातल्या ऑक्सिजनमधले बदल टिपतं. आणि रंग न दिसणारा भाग झोपलेला नसतो.

डोपामिनची चूक तर आता घराघरात पोचली आहे. मोबाइल पाहिला की डोपामिन, मिसळ खाल्ली की डोपामिन! मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेले प्रयोग नीट वाचा. अनपेक्षित रस मिळाला की डोपामिनचे न्यूरॉन जोरात पेटायचे. दिव्याची खूण झाली की रस येतो हे माकड शिकलं, तेव्हा तोच प्रतिसाद रसावरून खुणेवर सरकला. खूण होऊनही रस आला नाही, तर त्यांचा वेग नेहमीपेक्षा खाली गेला. म्हणजे इथे हिशेब अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांच्यातल्या फरकाचा आहे. शिवाय पार्किन्सन्समध्ये याच रसायनाचे न्यूरॉन मरतात आणि हालचाली मंदावतात. ‘आनंदाचं रसायन’ या व्याख्येत हे कुठे बसवणार?

कुठलंही न्यूरोट्रान्समीटर, म्हणजे न्यूरॉनचा संदेश पुढच्या पेशीला पोचवणारं रसायन, मुळातच उत्तेजक किंवा शामक असतं, असंही लिहू नका. ॲसिटिलकोलीन हाताचा स्नायू आकुंचित करतं आणि हृदयाचा वेग कमी करतं. परिणाम रिसेप्टर, म्हणजे ते रसायन टिपणारा पेशीवरचा रेणू, ठरवतो.

उत्तरपत्रिकांत आणखी दोन चुका वारंवार दिसतात. पहिली, उद्दीपक जोरदार असेल तर संदेश मोठा होतो. तो तेवढाच राहतो, वाढते ती सेकंदाला जाणाऱ्या संदेशांची संख्या आणि त्यात सामील होणाऱ्या न्यूरॉनची संख्या. दुसरी, संदेश गेल्यावर सोडियम-पोटॅशियम पंप पेशीला पूर्वस्थितीत आणतो. ते काम मुख्यतः पोटॅशियम बाहेर पडल्यामुळे होतं. पंप तीन सोडियम बाहेर आणि दोन पोटॅशियम आत नेत आयनांमधला फरक टिकवून ठेवतो.

मेंदूचा दहा टक्केच वापर, डाव्या मेंदूची माणसं, उजव्या मेंदूची माणसं: हे गैरसमज सोडूनच द्या. मध्यमेंदू ‘जागा’ करून मुलांना डोळे बांधून वाचायला शिकवतो असं सांगणाऱ्या ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’च्या वर्गांबद्दल मात्र ठामपणे बोलायला हवं, कारण त्यात पालकांचे पैसे आणि मुलांचा प्रामाणिकपणा, दोन्ही जातात. मध्यमेंदू जन्मापासून चालूच असतो. डोळ्यांच्या हालचाली, आवाजाकडे वळणं यांत त्याचा वाटा आहे. पट्टी बांधून वाचणारं मूल नाकाजवळच्या फटीतून बघत असतं. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याने नातेवाइकांना हे स्पष्ट सांगावं.

शेवटची चूक फिनिअस गेज या रेल्वेच्या मुकादमाची गोष्ट सांगताना होते. १८४८ साली व्हरमाँटमध्ये सुरुंगाच्या स्फोटात लोखंडी कांब त्याच्या डोक्यातून आरपार गेली. स्वभाव बदलला, हे त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉ. हार्लो यांनी नोंदवलं. पण तो कायमचा वाया गेला हे पुढे चढवलेलं आहे. नंतर त्याने चिलीत काही वर्षं घोडागाडी हाकली. नियमित कामामुळे माणूस पुष्कळ सावरू शकतो, ही शक्यता आपण गोष्टीतून गाळतो.

दुचाकींच्या या शहरात, जिथे हेल्मेटसक्ती म्हटलं की वाद पेटतो, ही गोष्ट पुस्तकापुरती नाही. कवटीच्या आतल्या खडबडीत हाडांमुळे डोक्याला मार लागल्यावर पुढचे आणि कानशिलामागचे भाग अनेकदा दुखावतात. सीटी स्कॅन स्वच्छ येऊ शकतो, बुद्धिमापन चाचणीही ठीक येऊ शकते, आणि तरी माणूस घरी चिडका, उतावळा किंवा अगदी निरुत्साही होतो. नातेवाईक म्हणतात, ‘हल्ली मुद्दाम करतो.’ अशा वेळी न्यूरोसायकॉलॉजिकल तपासणीबद्दल, म्हणजे लक्ष, स्मरण, नियोजन आणि वागणं तपासणाऱ्या चाचण्यांबद्दल, डॉक्टरांना विचारा. घरचं कोणीतरी सोबत जाऊ द्या, कारण झालेला बदल खुद्द रुग्णाला अनेकदा जाणवत नाही. अपघाताआधी तो पैसे, औषधं, ठरलेल्या वेळा कशा सांभाळायचा आणि आता काय होतं, हे प्रसंगांसकट कागदावर लिहून न्या.