आगोटीच्या यादीत निगेटिव्हही लिहा

रोल धुवायला टाकताना हल्ली काउंटरवर एक प्रश्न हमखास येतो: "स्कॅन मेल करतो, निगेटिव्ह पाहिजेत का?" नव्याने फिल्मकडे वळलेली बरीच मंडळी "नको, स्कॅन पुरे" म्हणून बाहेर पडतात. पाहिजेत म्हणा. दर वेळी म्हणा. फिल्मवर काढलेला फोटो म्हणजे ती पट्टीच. स्कॅन ही तिची झेरॉक्स. खाली जे काही सांगतोय, कॅमेरा निवडण्यापासून डब्याचं झाकण लावण्यापर्यंत, ते ती पट्टी नीट बनावी आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात टिकावी एवढ्यासाठी.

कॅमेरा घेण्याआधी दहा मिनिटं

पहिला कॅमेरा यांत्रिक शटरचा घ्या. पेंटॅक्स के १००० हे त्यातलं सर्वांत परिचित नाव. १९७६ ते १९९७ अशी वीसेक वर्षं तो बनत होता, त्यामुळे सापडतो. याशिका एफएक्स ३ सुद्धा उत्तम. दोन्हींत बॅटरी फक्त उजेड मोजणाऱ्या मीटरसाठी लागते. ती संपली तरी फोटो निघतो. के १००० ची एक खोड लक्षात ठेवा: त्याच्या मीटरला बंद करायचं बटणच नाही. लेन्सला टोपी लावली की मीटर झोपतो, नाहीतर कपाटातल्या उजेडातही बॅटरी पीत बसतो.

माळ्यावर आजोबांचा आग्फा क्लिक थ्री सापडला तर तो टाकू नका. बडोद्याला बनणाऱ्या या कॅमेऱ्यात १२० नावाचा रुंद रोल बसतो आणि तो रोल आजही मिळतो. एका रोलवर बारा चौकोनी फोटो.

दुकानात असो की पुण्याच्या जुन्या बाजारात, पैसे देण्याआधी एवढं बघा. मागचं झाकण उघडा, कॅमेरा उजेडाकडे धरा आणि प्रत्येक वेगावर शटर दाबा. एक सेकंदाला लावल्यावर 'एकशे एक' म्हणून होईपर्यंत ते उघडं राहिलं पाहिजे. मग झाकणाच्या कडेच्या खाचेत टूथपिक फिरवा. टोकाला डांबरासारखं काळं चिकट आलं तर उजेड अडवणारा फोम विरघळलाय. ही मोठी अडचण नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलने खाच पुसून नवा फोम चिकटवला की झालं, पण भाव पाडायला उपयोगी पडते. बॅटरीच्या खणात पांढरी-हिरवी पापडी असेल तर कापसाच्या काडीवर थेंबभर व्हिनेगर घेऊन साफ होते, फार आत गेली नसेल तर.

लेन्सच्या बाबतीत मात्र दयामाया नको. अ‍ॅपर्चर (उजेड आत सोडणारं भोक) पूर्ण उघडा, मागून मोबाइलचा टॉर्च मारा आणि समोरून तिरकं बघा. धुळीचे दोन-चार कण चालतील. कोळ्याच्या जाळ्यासारखे, किंवा खिडकीच्या काचेवर धुकं गोठावं तसे तंतू दिसले तर ती बुरशी. कोकणात आणि मुंबईत वाढलेल्या लेन्सला ती लागतेच लागते. विकणारा "किरकोळ आहे, पुसली की जाते" म्हणेल. पुसली जाते, पण काचेवरचा लेप खाल्लेला असेल तर तो डाग राहतो.

रोल भरणं, म्हणजे माझी फजिती

दिवे घाटात माउलींची पालखी चढत होती. मी रस्त्याकडेच्या दगडावर उभा राहून फोटो काढत होतो, आणि फोटो मोजणारा काउंटर ३६ वरून ३७, ३८ वर गेला. एखाददुसरा फोटो जास्त मिळतो, म्हणून मी खूश. ४१ ला पोटात गोळा आला. फिल्म दातऱ्यांत अडकलीच नव्हती. सकाळपासून मी रिकामा कॅमेरा चालवत होतो.

तेव्हापासूनची सवय: फिल्मचं टोक अडकवायचं, झाकण बंद करायच्या आधी फिल्म पुढे सरकवणारा लिव्हर एकदा ओढून दोन्हीकडच्या भोकांत दात बसलेले बघायचे. झाकण लावल्यावर डावीकडची गुंडाळायची मूठ हलकेच फिरवून फिल्मचा सैलपणा काढायचा. आता लिव्हर ओढताना ती मूठ आपोआप उलटी फिरली पाहिजे. प्रत्येक फोटोनंतर तिच्याकडे नजर टाका. काउंटर खोटं बोलतो, मूठ नाही.

फिल्म कुठली, यावर फार डोकं शिणवू नका. रंगीतसाठी कोडॅक गोल्ड २००, ब्लॅक अँड व्हाइटसाठी इलफर्ड एचपी ५. पहिली दहा रोल ही दोनच वापरा. सिनेमाची फिल्म कापून छोट्या डब्यांत भरलेले रोल घेणार असाल तर धुणाऱ्याला आधी सांगा. त्यातल्या काहींच्या पाठीवर रेमजेट नावाचा काळा थर असतो. तो रंगीत निगेटिव्ह धुणाऱ्या नेहमीच्या सी ४१ यंत्रात गेला तर तुमचा रोल बिघडतोच, शिवाय पाठोपाठ येणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या लग्नाचाही. न वापरलेला रोल फ्रिजमध्ये ठेवावा. बाहेर काढल्यावर दोन तास त्याची डबी उघडू नये, नाहीतर थंड फिल्मवर दव धरतं. विमानप्रवासात रोल हातातल्या पिशवीत ठेवा आणि हाताने तपासायची विनंती करा. चेक-इनच्या बॅगेत कधीही नाही.

उजेड

मीटर बंद पडला तरी चालेल असा एक हिशेब पाठ करा. लख्ख उन्हात अ‍ॅपर्चर एफ १६ लावा (आकडा मोठा, तर भोक लहान) आणि शटरचा वेग फिल्मच्या नावातल्या आकड्याजवळचा ठेवा: २०० ची फिल्म असेल तर १/२५० सेकंद. हलके ढग आले तर एफ ११, पूर्ण ढगाळ असेल तर एफ ८, आषाढातलं काळं आभाळ असेल तर एफ ५.६. म्हणजे वारीत ४०० ची फिल्म घेऊन १/५०० आणि एफ ५.६. सर कोसळायला लागली की १/१२५ वर या.

मीटर असला तरी तो आंधळा आहे, हे ध्यानात ठेवा. समोर जे येईल ते मध्यम राखाडी आहे असंच तो धरून चालतो. पांढरं धोतर, पांढरा सदरा, पांढरी टोपी घातलेली दिंडी समोर आली की तो उजेड कमी करायला सांगतो आणि वारकरी मळकट येतात. तिथे मीटरपेक्षा दीड स्टॉप जास्त द्या (एक स्टॉप जास्त म्हणजे दुप्पट उजेड). काळ्या म्हशीच्या बाबतीत उलटं, एक स्टॉप कमी. सगळ्यांत सोपी युक्ती म्हणजे स्वतःचा तळवा. माणसाचा रंग कोणताही असो, तळवे साधारण सारखेच उजळ असतात. ज्या उजेडात फोटो काढायचा त्याच उजेडात तळवा धरा, त्यावरून मीटर बघा आणि एक स्टॉप जास्त द्या. अंदाज चुकलाच तर रंगीत निगेटिव्हला जास्त उजेड सोसतो, कमी सोसत नाही. सावल्यांत काहीच उमटलं नसेल तर स्कॅनर तरी काय आणणार?

दुपारच्या उन्हात माणसांचे फोटो काढू नका; डोळ्यांच्या जागी खाचा दिसतात. त्यांना ओसरीवर बसवा, तोंड अंगणाकडे. अंगणातलं ऊन उडून चेहऱ्यावर येतं आणि असा मऊ उजेड स्टुडिओत पैसे देऊनही मिळत नाही. फक्त समोर जांभ्याची भिंत उन्हात तळपत असेल तर रंगीत फिल्मवर चेहरे तांबूस येतील. डोळ्याला ते जाणवत नाही, फिल्मला जाणवतं.

घरात खिडकी हाच दिवा. माणूस खिडकीपासून हातभर अंतरावर, चेहरा तिरका, आणि अंधाऱ्या बाजूला खुर्चीच्या पाठीवर टाकलेलं पांढरं धोतर. रात्री एलईडी दिव्याखाली १/६० किंवा त्याहून कमी वेग ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे स्वस्त दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. १/५०० ला फोटोवर पट्टे येऊ शकतात.

फ्लॅशचं गणित साधा भागाकार आहे. फ्लॅशचा गाइड नंबर (त्याची ताकद सांगणारा आकडा) भागिले माणसापर्यंतचं अंतर, मीटरमध्ये. २८ नंबरचा फ्लॅश, साडेतीन मीटरवर माणूस, १०० ची फिल्म: एफ ८. छतावरून उजेड उडवायचा असेल तर दोन स्टॉप जास्त. अर्थात छत पांढरं हवं. कौलारू घरात वर मारलेला फ्लॅश धुरकट वाशांत विरून जातो. के १००० वर फ्लॅशसाठी शटर १/६० लाच ठेवा. वेग वाढवलात तर फोटोचा काही भाग काळा येतो.

आगोट

कोकणात मृग लागायच्या आत घरात वर्षाची बेगमी होते: सुकी मासळी, आमसुलं, पापड, लाकूडफाटा. तिला आगोट म्हणतात. निगेटिव्ह त्याच यादीत लिहा. कारणही तेच आहे: कोरड्या हवेत कोरडी वस्तू कोरड्या डब्यात भरायची. जुलैत डबा बंद केलात तर आत पावसाळाच कोंडला.

धुऊन आलेल्या फिल्मच्या सहा-सहा फोटोंच्या पट्ट्या करा. ३६ फोटोंच्या रोलला सहा पट्ट्या. त्या पॉलिप्रॉपिलिनच्या पानांत सरकवा. स्टेशनरीतल्या फायलींचे मऊ, नव्या रेनकोटसारखा वास येणारे पॉकेट बहुधा पीव्हीसीचे असतात, ते नकोत. स्टुडिओवाले देत तो बटर पेपरही नको, दमट हवेत तो फिल्मला चिकटतो. डांबरगोळ्यांना तर जवळही फिरकू देऊ नका. पट्टी कडांना धरा.

ही पानं घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवा, सोबत सिलिका जेलची पुरचुंडी. नारिंगी रंगाची घ्या. ओल धरली की ती हिरवी होते. मग मंद आचेवर जुन्या कढईत परतली की पुन्हा नारिंगी, मात्र ती कढई परत स्वयंपाकात आणायची नाही. आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ डब्यात टाका. तीस ते पन्नास टक्के असेल तर निश्चिंत राहा. लेन्ससाठी असाच वेगळा डबा करा, आणि चामड्याचं कव्हर त्यात घालू नका. चामडं ओल धरून ठेवतं.

घरात जुन्या निगेटिव्हचं पाकीट असेल तर आधी वास घ्या. आंबूस, व्हिनेगरसारखा वास आला तर अ‍ॅसिटेट, म्हणजे फिल्मचं प्लॅस्टिक, सडायला लागलाय. ती पट्टी बाकीच्यांपासून लगेच वेगळी करा, कारण तो आम्लाचा वाफारा शेजारच्यांनाही खातो. स्कॅन करायचं असेल तर पहिला नंबर तिचा.

स्कॅनसाठी महागडं यंत्र लागतंच असं नाही. डिजिटल कॅमेरा, अगदी जवळून फोटो काढणारी मॅक्रो लेन्स, खाली रंग खरे दाखवणारा लाइट पॅड आणि अंधारी खोली पुरते. स्कॅनर असेल तर ३००० डीपीआय (इंचाला ३००० ठिपके) ठेवा. ३५ मिमीच्या एका फोटोचे साधारण सव्वा कोटी पिक्सेल येतात, भिंतीवर लावायच्या फोटोला पुरेसे. फाइलच्या नावात साल, महिना, रोल, फ्रेम एवढंच: २०२५-०४-रोल०७-१२. तोच रोल नंबर पानावर, आणि एका वहीत. वहीत माणसांची नावं लिहा. आत्याला सगळे चेहरे ओळखता येतात, तोवरच. फाइल्सची एक प्रत दुसऱ्या गावी, भावाकडे किंवा बहिणीकडे.

डबा खालच्या मजल्यावर ठेवू नका. २०२१ च्या जुलैत चिपळूणला पाणी शिरलं तेव्हा कपाटांचे वरचे कप्पेही बुडाले. निगेटिव्ह भिजल्याच तर घाईने वाळवू नका. एकमेकींना चिकटून वाळल्या की सुटत नाहीत. स्वच्छ गार पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा, पाणी बदलत राहा आणि दोन दिवसांच्या आत पाण्यातच एकेक पट्टी सोडवा. ओढायची नाही, सुटेपर्यंत थांबायचं. मग न्हाणीघरात, जिथे धूळ सगळ्यांत कमी असते, दोरीला चिमट्याने एका टोकाला लटकवायच्या. पंखा लावायचा नाही.