कंटिन्युअस कास्ट स्टेनलेस बिलेट घेताना: ऑर्डर, तपासणी आणि भट्टी

बिलेट म्हणजे वितळलेलं स्टील साच्यातून सलग ओढून ओतलेला लांब चौकोनी ठोकळा, जो पुढे रोल किंवा फोर्ज होतो. ऑर्डरवर फक्त ‘304, 150 चौरस, 6 मीटर’ (स्टेनलेसचा ग्रेड, मिमीमध्ये बाजू, लांबी) लिहिलं, तर माल आल्यावर भांडायला काही हाती राहत नाही. त्याच ओळीखाली बिलेटचं पुढे काय होणार तेही लिहा: वायर रॉड, ब्राइट बार, फोर्जिंग की सीमलेस पाइप. तपासणी किती कडक हवी ते त्यावरच ठरतं.

आधी एक साधा हिशोब करा. 150 चौरस बिलेटचं क्षेत्रफळ 22,500 चौरस मिमी. त्यातून 50 मिमी गोल बार काढला (1,963 चौरस मिमी), तर घट साडेअकरापट होते. 100 मिमी गोल काढला (7,854 चौरस मिमी), तर तीनपटही होत नाही. कास्टिंगमध्ये बिलेट बाहेरून आत गोठत जातं आणि शेवटचा द्रव मध्यभागी आकसतो, म्हणून तिथे बारीक पोकळी राहते. भरपूर दाबलं की ती मिटते. तीनपटीत मिटेलच असं नाही, आणि मग अल्ट्रासोनिकला बारच्या पोटात दोष दिसतो. जाड बारसाठी मोठ्या सेक्शनचं कास्टिंग किंवा आधीच रोल केलेलं बिलेट घ्या. सेक्शन चुकला असेल, तर पुढची तपासणी कितीही चोख असली तरी उपयोग नाही.

केमिस्ट्री सर्टिफिकेटवर जुळते, पण मालावर तपासावी लागते. इथे सगळ्यात जास्त फसगत होते ती हातातल्या एक्सआरएफ गनमुळे (क्ष-किरणांनी धातूतले घटक ओळखणारं यंत्र). ही गन क्रोमियम, निकेल, मॉलिब्डेनम दाखवते. कार्बन दाखवत नाही. 304एल मध्ये कार्बन 0.030 टक्क्यांच्या आत लागतो, 304 मध्ये बारच्या स्टँडर्डनुसार 0.08 पर्यंत चालतो, आणि गनला दोन्ही सारखेच. ‘एल’ ग्रेड असेल तर स्पार्क स्पेक्ट्रोमीटरवर घ्या. चुंबकावर तर मुळीच विसंबू नका. 201 (कमी निकेलचा स्वस्त ग्रेड) आणि 304 दोन्ही जवळजवळ अचुंबकीय. उलट 304 च्या कास्ट बिलेटला चुंबक हलकेच ओढ घेतं, कारण त्यात थोडा डेल्टा फेराइट (स्टीलचा चुंबकीय भाग) असतो. तेवढ्यावरून माल परत पाठवू नका.

सर्टिफिकेट ईएन 10204 चं 3.1 प्रकारचं, म्हणजे त्याच मालाच्या चाचणीचे आकडे देणारं, मागा. त्यात शिसे आणि कथील यांचेही आकडे हवेत. स्क्रॅपमधून आलेलं शिसे थोडं जरी असलं तरी गरम रोलिंगमध्ये कडा फाटतात. गंधकाची कमाल मर्यादा 304 ला 0.030 असते. मशिनिंगच्या बारला थोडा गंधक फायद्याचा, फोर्जिंगला मात्र 0.010 च्या आत मागितलेला बरा.

लॅडल (वितळलेल्या स्टीलची बादली) बदलताना टंडिशमध्ये (लॅडल आणि साच्यामधली टाकी) दोन हीटचं, म्हणजे वितळवलेल्या दोन घाण्यांचं, धातू मिसळतं. ग्रेड बदलला असेल तर त्या मधल्या बिलेटांची केमिस्ट्री ना इकडची ना तिकडची. ती बिलेटं आणि स्ट्रँडची (साच्यातून निघणाऱ्या सलग पट्टीची) सुरुवात-शेवट वगळून द्यावी, असं ऑर्डरमध्येच घाला. हीट नंबर प्रत्येक बिलेटच्या टोकावर पंच केलेला हवा. रंगाने लिहिलेला उन्हापावसात पुसतो.

प्रत्येक हीटमधून एक 20–25 मिमी जाड चकती कापून घ्या. तोंड ग्राइंड करून गुळगुळीत करा. हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड आणि पाणी समप्रमाणात घ्या, 70–80 अंश सेल्सियसवर ठेवा आणि चकती 15–30 मिनिटं बुडवा. मिश्रण करताना अ‍ॅसिड पाण्यात ओता, पाणी अ‍ॅसिडमध्ये नाही. वाफ ओढणारा पंखा चालू हवा. मग मध्यभागी पोकळी, आत अर्ध्या वाटेवर बारीक रेषा, कातडीजवळ काळे ठिपके दिसतात का पाहा. ठिपके म्हणजे अडकलेला स्लॅग किंवा पिनहोल. स्वीकारायचं की नाही ते एएसटीएम ई381 च्या चित्रांशी ताडून, आधी ठरलेल्या क्रमांकानुसारच ठरवा.

पृष्ठभागावर खळगे, कोपऱ्याला उभी चीर, खोल ऑसिलेशन खुणा (साचा वर-खाली हलताना उमटणाऱ्या आडव्या रेषा) शोधा. 321 मध्ये टायटॅनियममुळे कातडी खराब येते, तिथे पूर्ण ग्राइंडिंगच मागा. दोष काढताना खड्डा खोलीच्या किमान सहापट रुंद ठेवायचा, नाहीतर रोलिंगमध्ये तीच कड घडी होऊन बसते. कडक होणारे 410, 420 ग्रेड तापवून मऊ केलेले म्हणजे अ‍ॅनील केलेलेच घ्या. कडक अवस्थेत जोरात ग्राइंड केलं की जाळीसारख्या चिरा पडतात.

दोन्ही कर्ण मोजा. मोल्डमध्ये सगळ्या बाजू सारख्या थंड झाल्या नाहीत की चौरस तिरका होऊन शंकरपाळ्यासारखा होतो आणि मिलच्या गाइडमध्ये बिलेट आडवं पडतं. किती फरक चालेल तो आकडा करारात हवाच.

वजनाचं एक जाता जाता. 304 ची घनता 7.93 धरली तर 150 चौरस 6 मीटर बिलेट सुमारे 1,070 किलो भरतं. साध्या स्टीलच्या 7.85 ने काढलं तर 1,060. एका बिलेटमागे दहा किलोचा फरक. पैसे ग्राइंडिंगआधीच्या वजनावर की नंतरच्या, हेही लिहून ठेवा.

भट्टीत घाई नको. 304 उष्णता साध्या स्टीलच्या सुमारे एक-तृतीयांश वेगाने वाहून नेतं आणि फुगतं मात्र जास्त. 800 अंशांपर्यंत हळू चढवा, मग 1,150–1,250 वर उष्णता गाभ्यापर्यंत पूर्ण मुरू द्या. घाई केली तर गाभा थंड राहतो आणि तिथेच चीर पडते. प्रत्येक हीटची एक चकती न तापवता, नंबरासह, माल संपेपर्यंत जपून ठेवा. रोलिंगमध्ये फाटलं तर आधी तीच वरच्यासारखी आम्लात बुडवून तपासा. तिच्यात चीर असेल तर पुरवठादाराला बोलवा. ती स्वच्छ निघाली तर आधी स्वतःच्या भट्टीचा चार्ट काढून बघा.