एफएमजीईच्या तयारीला किती महिने राखून ठेवायचे?

परदेशातून वैद्यकीय पदवी घेऊन आलेल्या जवळपास प्रत्येकाला भारतात प्रॅक्टिस करण्याआधी एफएमजीई (फॉरेन मेडिकल ग्रॅज्युएट एक्झामिनेशन) ही परवाना परीक्षा पास व्हावी लागते. ही परीक्षा २००२ पासून सुरू आहे. वर्षातून दोनदा, साधारण जून आणि डिसेंबरच्या सत्रात, नवी दिल्लीचं राष्ट्रीय परीक्षा मंडळ ती घेतं. अलीकडच्या बहुतेक सत्रांत पाचातला एक, फार तर चारातला एक उमेदवार पास झालेला दिसतो. रशिया, किर्गिझस्तान, जॉर्जिया, फिलिपिन्समध्ये पाच-सहा वर्षं काढून आलेली, घरच्यांनी कर्ज काढून शिकवलेली आपली मुलंमुली त्या उरलेल्या चौघांत अडकतात. माझ्या मते त्याचं मोठं कारण बुद्धी किंवा कष्ट कमी पडणं हे नाही. तयारीला किती वेळ लागेल हे त्यांनी दुसऱ्याच्या अनुभवावरून ठरवलेलं असतं.

"सीनियरचं तीन महिन्यांत झालं" हे वाक्य प्रत्येक हॉस्टेलवर ऐकू येतं. अमेरिकेतले विद्यार्थी यूएसएमएलई या तिथल्या परवाना परीक्षेच्या पहिल्या टप्प्याआधी, म्हणजे स्टेप वनआधी, सहा-आठ आठवडे फक्त अभ्यासाला देतात, हेही अनेकांनी वाचलेलं असतं. पण ते विद्यार्थी मूलभूत विषय नुकते संपवून, वर्षभर प्रश्नपेढी सोडवत त्या आठवड्यांपर्यंत पोहोचलेले असतात. तुमचं अ‍ॅनाटॉमी पाच वर्षांपूर्वी झालं, तेही वेगळ्या पद्धतीनं. तेव्हा त्यांचा आकडा उचलू नका, स्वतःचा काढा. तो असा काढता येतो.

पहिली पायरी : अभ्यासाला हात लावण्याआधी पूर्ण पेपर द्या

परीक्षेत ३०० प्रश्न असतात. १५०-१५० प्रश्नांचे दोन भाग, प्रत्येकाला १५० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिट. पास व्हायला १५० गुण लागतात आणि चुकीच्या उत्तराचे गुण कापले जात नाहीत. असाच एक सराव पेपर, काहीही न वाचता, एकाच दिवशी, वेळ लावून सोडवा. गुण कमी पडतील याची भीती वाटते म्हणून बहुतेक जण हे टाळतात आणि थेट लेक्चर लावतात. तुम्ही टाळू नका.

आता गुण बघा. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय असतात, त्यामुळे डोळे मिटून टिक केलं तरी सरासरी ७५ गुण पडतात. ९० च्या आत असाल तर पाया पुन्हा घालायचा आहे. सात-आठ महिने पूर्ण वेळ धरा आणि जवळच्या सत्राचा हट्ट सोडा. ९० ते १२० मध्ये असाल तर पाच-सहा महिने, १२० ते १४५ असेल तर तीन-चार. पहिल्याच पेपरला १५० ओलांडले तर सहा-आठ आठवडे नीट उजळणी पुरते. हे माझे अंदाज आहेत, नियम नव्हेत. चाळीस दिवसांनी दुसरा पेपर द्या आणि गुण किती वाढले त्यावरून आकडा दुरुस्त करा.

दुसरी पायरी : महिने मोडून तास करा

"पाच महिने आहेत" म्हणताना मनात दीडशे दिवस असतात. प्रत्यक्षात पदवीच्या कागदांचं अपोस्टिल (परदेशात चालणारं सरकारी प्रमाणीकरण) किंवा दूतावासाचं साक्षांकन, भाषांतरं, परीक्षेचा फॉर्म, त्यातल्या त्रुटी यांत दोन-तीन आठवडे सहज जातात. डिसेंबरच्या सत्राची तयारी गणपती, दसरा, दिवाळीतून जाते आणि जूनच्या सत्राची लग्नसराईतून. सहा वर्षांनी घरी आलेल्या मुलाला नातेवाईक भेटायला बोलावणारच. हे दिवस आधीच वजा करा.

उरलेल्या दिवसांत खरा अभ्यास रोज आठ तास, महिन्याला २५ दिवस धरला तर महिन्याचे २०० तास होतात. पाच महिन्यांचे हजार. अभ्यासिकेत बारा तास बसलो म्हणजे बारा तास अभ्यास झाला असं धरू नका. मोबाईल बाजूला ठेवून झालेले तास तेवढे वहीत लिहा. नोकरी करत तयारी करणाऱ्याला रोज चार तास मिळतात, त्यानं महिने दुप्पट धरावेत. आणि नोंदणी नसताना कुठल्या हॉस्पिटलात रात्रपाळीला "डॉक्टर" म्हणून उभं राहू नका. ते बेकायदेशीर आहे आणि अभ्यासाला लागणारी झोपही त्यातच जाते.

तिसरी पायरी : गुण बघून वेळ वाटा

परीक्षा मंडळाच्या माहितीपत्रकात विषयवार गुण दिलेले असतात. नव्या सत्राचं पत्रक आलं की ते एकदा पडताळून घ्या. प्रचलित वाटणीत मेडिसिन ३३, सर्जरी ३२, स्त्रीरोग-प्रसूती ३०, कम्युनिटी मेडिसिन (सार्वजनिक आरोग्य) ३०. फक्त या चार विषयांचे १२५ गुण होतात. अ‍ॅनाटॉमी, फिजिओलॉजी, बायोकेमिस्ट्री प्रत्येकी १७, म्हणजे तिन्ही मिळून ५१. पॅथॉलॉजी, मायक्रोबायोलॉजी, फार्माकॉलॉजी प्रत्येकी १३, फॉरेन्सिक (न्यायवैद्यक) १०. बालरोग, नेत्र आणि कान-नाक-घसा प्रत्येकी १५. मानसोपचार, त्वचारोग, रेडिओथेरपी, ऑर्थो, भूल आणि रेडिओलॉजी प्रत्येकी ५.

ही वाटणी समोर असूनही असंख्य मुलं पहिला दीड महिना अ‍ॅनाटॉमीत घालवतात, कारण पुस्तकात ते पहिलं येतं. प्रसूतीशास्त्रापर्यंत पोहोचतात तेव्हा वेळ संपलेला असतो. सुरुवात पॅथॉलॉजी-फार्माकॉलॉजीने करा, लगेच मेडिसिन घ्या. एकाच आजाराची कारणं, औषधं आणि उपचार जवळजवळ वाचले की लक्षात राहतात. पाच-पाच गुणांचे सहा विषय मिळून ३० गुण होतात आणि प्रत्येकाला दोन-तीन दिवस पुरतात. ते शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका.

चौथी पायरी : जे तुम्हाला शिकवलंच गेलं नाही, त्याला वेगळा वेळ

परदेशी विद्यापीठात हुशार असलेली मुलंही इथे अडखळतात. कम्युनिटी मेडिसिनमध्ये भारताचं लसीकरण वेळापत्रक, क्षयरोग निर्मूलन कार्यक्रम, आशा कार्यकर्तीची कामं, उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांची रचना विचारतात. तिकडच्या बहुतेक वॉर्डांत काला आजार झालेला, घोणस किंवा मण्यार चावलेला रुग्ण क्वचितच दिसतो, इथे त्यावर प्रश्न येतात. फॉरेन्सिकमध्ये आणखी एक अडचण आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेऐवजी भारतीय न्याय संहिता लागू झाली. निष्काळजीपणामुळे झालेल्या मृत्यूचं कलम ३०४अ होतं, ते आता १०६ आहे. खुनाच्या शिक्षेचं ३०२ होतं, ते १०३ झालं. सीनियरकडून मिळालेल्या झेरॉक्स नोट्समध्ये जुने आकडे असतील तर ते पेनाने दुरुस्त करूनच वाचा. या सगळ्यासाठी दोन आठवडे वेगळे राखा, तुमचा पहिला पेपर कितीही चांगला गेलेला असो.

पाचवी पायरी : तीन फेऱ्या, आणि चुकांची वही

समजा हातात दीडशे दिवस आहेत. पहिल्या फेरीला शंभर, दुसरीला पस्तीस, तिसरीला पंधरा. पहिली फेरी लांबली तर दुसरीचे दिवस खाऊ नका. शंभराव्या दिवशी जे राहिलं ते राहिलं, कारण उजळणी न झालेलं वाचन परीक्षेच्या मिनिटात हाताशी येत नाही. व्हिडिओ लेक्चर बघताना अभ्यास झाल्यासारखं फार वाटतं. तितकाच वेळ त्या विषयाचे प्रश्न सोडवण्यात गेला पाहिजे, निदान रोज साठ-सत्तर प्रश्न.

चुकलेला प्रश्न वहीत कसा लिहायचा त्याचं एक उदाहरण. दहा किलोच्या बाळाला जुलाब, काही प्रमाणात जलशुष्कता (उपचारांच्या भाषेत प्लॅन बी), ओआरएस किती? समजा तुमचं उत्तर १००० मिली होतं. अख्खा प्रश्न उतरवू नका. दोन ओळी लिहा: "प्लॅन बी : किलोमागे ७५ मिली, चार तासांत, म्हणून ७५० मिली. किलोमागे १०० मिली हे प्लॅन सीचं (तीव्र जलशुष्कता), शिरेतून." कुठे गल्लत झाली ते दुसऱ्या ओळीत आलं पाहिजे. तिसऱ्या फेरीत तीन जाड पुस्तकांपेक्षा ही वही जास्त उपयोगी पडते.

दुसऱ्या फेरीपासून दर आठवड्याला एक पूर्ण पेपर द्या, परीक्षेच्याच वेळेला, मधे तेवढीच सुट्टी घेऊन. पाच तास खुर्चीत बसून शेवटच्या पन्नास प्रश्नांतही डोकं शांत ठेवायची सवय अशीच लागते. गुण कापले जात नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही, हेही सरावातच अंगवळणी पडतं.

सहावी पायरी : बसायचं की थांबायचं, चार आठवडे आधी ठरवा

शेवटच्या तीन पेपरांत १७० च्या वर असाल तर निर्धास्त बसा. १५० च्या आसपास घुटमळत असाल तरी बसा, पण उरलेले चार आठवडे नवं काही उघडू नका, फक्त वही आणि मोठे चार विषय. १२० च्या खाली असाल तर आजच घरच्यांना खरं सांगा आणि पुढच्या सत्राची तारीख ठरवा. आईवडिलांनाही विनंती: "अजून किती महिने?" असं विचारण्याऐवजी मागच्या पेपरला किती आणि या पेपरला किती, ते विचारा. त्यातून तुम्हालाही खरी प्रगती कळेल आणि पोराला उत्तर देता येईल.

नापास झालात तर लेक्चर पहिल्यापासून लावू नका. १४० गुणांवर अडकलेल्याला फक्त उजळणी आणि पेपर हवेत, अडीच-तीन महिन्यांत ते होतं. १०० च्या आसपास असलेल्याने मोठ्या चार विषयांची पहिली फेरी पुन्हा करावी, त्याला पूर्ण पाच महिने लागतील. दोघांनीही निकालानंतर आठवडाभर विश्रांती घ्यावी आणि आठव्या दिवशी नवा पूर्ण पेपर देऊन, त्याच्या गुणांवरून पुढचं वेळापत्रक मांडावं.