हंगामी आंतरराष्ट्रीय विमानमार्गाची परवानगी मागताना या चुका टाळा

तासगावकडचा द्राक्षबागायतदार छाटणीची तारीख ठरवताना माल कोणत्या महिन्यात बाजारात न्यायचा हे आधी पाहतो आणि तिथून चार-सव्वाचार महिने मागे मोजतो. आमच्या मेहुण्यांच्या बागेत ऑक्टोबर छाटणी सुरू होते, त्याच दिवसांत जगभरच्या विमान कंपन्या पुढच्या वर्षीच्या उन्हाळी हंगामासाठी विमानतळांवरच्या वेळा, म्हणजे स्लॉट, मागत असतात. बागायतदाराला जे उलटे मोजणे अंगवळणी पडलेले असते, ते विमान कंपनीत नव्याने रुजू झालेल्या पदवीधराला शिकवताना माझी बरीच वर्षे गेली. मुंबईत वेळापत्रक आणि परवानग्यांच्या विभागात नोकरी करून मी आता सांगलीत विश्रामबागेत राहतो, आणि जुन्या ओळखीतून तपासायला येणारे अर्जांचे मसुदे पाहतो. त्यांतल्या चुका वर्षानुवर्षे त्याच आहेत.

पहिली चूक हंगाम या शब्दाबद्दलच असते. विमान वाहतुकीत हंगाम दोनच: मार्चच्या शेवटच्या रविवारी सुरू होणारा उन्हाळी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी सुरू होणारा हिवाळी. उदाहरणार्थ, २०२५ चा उन्हाळी हंगाम ३० मार्च ते २५ ऑक्टोबर असा ३० आठवड्यांचा होता. हिवाळ्याच्या मागण्या मे महिन्यात जातात आणि जूनमध्ये विमान कंपन्या आणि स्लॉट देणाऱ्या समन्वयकांची जागतिक परिषद भरते, तिच्यात त्यांवर घासाघीस होते. उन्हाळ्याच्या मागण्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला जातात आणि परिषद नोव्हेंबरात भरते. डिसेंबरच्या नाताळात उडायचे असेल तर निर्णय मे महिन्याच्या आत व्हायला हवा. गणपती उठल्यावर नाताळच्या मार्गाची फाइल उघडणाऱ्यांना उरलेसुरले स्लॉट मिळतात, आणि तेही पहाटेचे.

स्लॉट मिळाला म्हणजे परवानगी मिळाली, असे समजणे

या एका गैरसमजावर जितका कागद वाया गेला आहे, तितका दुसऱ्या कशावर गेला नसेल. १९४४ च्या शिकागो कराराच्या सहाव्या कलमानुसार कोणत्याही देशाच्या परवानगीशिवाय त्या देशात नियमित विमानसेवा चालवता येत नाही. ही परवानगी दोन देशांमधल्या द्विपक्षीय हवाई सेवा करारातून येते. कोणत्या शहरांना जोडता येईल, आठवड्याला किती फेऱ्या किंवा किती आसने, आणि कोणत्या कंपन्या नियुक्त होतील, हे त्या करारात आणि त्यानंतरच्या सामंजस्य-नोंदींत लिहिलेले असते. भारतीय कंपनीने आधी नागरी विमान वाहतूक मंत्रालयाकडून या करारातल्या वाहतूक हक्कांतला वाटा मागायचा, मग नियुक्ती परदेशी सरकारला कळवली जाते, मग त्या देशाची संचालन-परवानगी घ्यायची आणि वेळापत्रक डीजीसीए या भारताच्या विमान वाहतूक नियामकाकडून मंजूर करून घ्यायचे. स्लॉट ही या सगळ्यापासून वेगळी खिडकी आहे. स्लॉट देणारा समन्वयक तुमच्याकडे वाहतूक हक्क आहेत का हे तपासायला बसलेला नसतो. धावपट्टीवर आणि टर्मिनलमध्ये त्या वेळी जागा आहे का, एवढेच तो पाहतो.

हंगामी मार्गवाल्यांचा यातला खास डाव म्हणजे वर्षाची सरासरी काढणे. “आम्ही बाराच आठवडे उडणार आहोत, मग वर्षभराच्या कोट्यातून आमचे किती थोडे जाते,” असे पत्र मी एकदा नव्हे, अनेकदा वाचले आहे. करारातला हक्क आठवड्याचा असतो. जानेवारीत न वापरलेली आसने मे महिन्यासाठी साठवता येत नाहीत, कारण तो बेदाणा नाही. दुबईसाठी दोन्ही बाजूंना आठवड्याला प्रत्येकी सुमारे ६६ हजार आसनांची मर्यादा अनेक वर्षे भरलेली राहिली आहे. तिथे ‘फक्त सुट्टीपुरते’ म्हणून कोणी जागा करून देत नाही. मी स्वतः कोणत्याही मार्गाची फाइल उघडली की पहिल्या पानावर शिल्लक हक्कांचा आकडा हाताने लिहीत असे, आणि तो लिहिता येईपर्यंत दुसरे पान उघडत नसे.

वेळ बदलणे आणि वार विसरणे

स्लॉटच्या मागण्या स्थानिक वेळेत नसून यूटीसी या जागतिक वेळेत पाठवतात. आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. तरीही ही चूक घडते, आणि ज्या प्रसंगाने मला ती कायमची शिकवली, त्या अर्जाखाली सही माझी होती.

युरोपातल्या एका शहरासाठी उन्हाळी मार्ग ठरला होता. दर मंगळवारी आणि शुक्रवारी पहाटे सव्वादोनला मुंबईहून निघायचे, प्रवास नऊ तासांचा. साताऱ्याकडचा एक हुशार मुलगा तेव्हा माझ्या हाताखाली होता. त्याने ०२१५ चे २०४५ बरोबर केले, मात्र वारांचा रकाना ०२००५०० असाच ठेवला. या सात आकड्यांत सोमवारपासून रविवारपर्यंतची घरे असतात. ज्या वारी विमान नाही तिथे शून्य, आणि ज्या वारी आहे तिथे त्या वाराचा क्रमांक. मंगळवारी पहाटे सव्वादोन म्हणजे यूटीसीमध्ये सोमवारी रात्री पावणेनऊ. त्यामुळे रकान्यात १००४००० हवे होते. युरोपातल्या पोहोचण्याच्या मागणीत मात्र ०५४५ ही वेळ आणि मंगळवार-शुक्रवार हे वार अगदी बरोबर होते, कारण विमान तिथे यूटीसीच्या मंगळवारीच उतरणार होते.

दोन्ही समन्वयकांनी आपापल्या बाजूची मागणी आपापल्या परीने मान्य केली. “सर, दोन्हीकडून मंजूर आलंय की,” असे सांगत तो कागद घेऊन आला आणि मीही खूश होऊन फाइल बाजूला ठेवली. डीजीसीएसाठी वेळापत्रक तयार करताना मी सवयीने आलेखाच्या कागदावर विमानाच्या फेरीची रेघ ओढायला घेतली, तेव्हा पेन्सिल मागे जायला लागली. मंजूर कागदांप्रमाणे आमचे विमान मुंबईहून सुटण्याच्या पंधरा तास आधी युरोपात उतरत होते.

तोवर परिषद आटोपली होती. मंगळवारच्या पहाटेची वेळ आम्हाला परत मिळाली. शुक्रवारची दुसऱ्या कंपनीकडे गेली होती, ती प्रतीक्षायादीतून सुटायला एप्रिलचा मध्य उजाडला. आठवड्यात दोन फेऱ्यांचा म्हणून जाहीर केलेला मार्ग एका फेरीने सुरू करताना वरिष्ठांसमोर उभे राहण्याची वेळ त्या मुलावर येऊ नये म्हणून मीच गेलो, आणि ते योग्यच होते, कारण तपासणे हे काम माझे होते.

तेव्हापासून माझी पद्धत बाळबोध आहे. कागदावर दोन ओळी काढायच्या, वरती स्थानिक वेळ आणि खाली यूटीसी, आणि प्रत्येक वेळेपुढे वाराचे नाव अक्षरांत लिहायचे. आकडा चालत नाही. तारखाही तशाच: मंगळवार १ एप्रिल २०२५ ची पहाटेची पहिली फेरी यूटीसीत सोमवार ३१ मार्चची ठरते, म्हणून मागणीची पहिली तारीखही एक दिवस मागे जाते. हल्ली हे सगळे संगणक करतो, असे मला नव्या मुलांकडून ऐकायला मिळते. यूटीसीच्या रकान्यात तुम्ही स्थानिक वार भरलात तर संगणक तुमच्यावर विश्वास ठेवतो. त्याला कसलीही शंका येत नाही.

याच घरातली एक छोटी चूक घड्याळबदलाची आहे. युरोपात घड्याळे हंगामाबरोबरच, मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे जातात. अमेरिकेत ती मार्चच्या दुसऱ्या रविवारी जातात. तिथली स्थानिक वेळ सांभाळायची असेल तर हिवाळी हंगामाच्या शेवटच्या दोन-तीन आठवड्यांसाठी वेगळी ओळ भरावी लागते.

नियमित सेवेला चार्टरचा अंगरखा घालणे

वाहतूक हक्क मिळत नाहीत असे दिसले की कोणीतरी हमखास सुचवतो: चार्टर दाखवू. शिकागो करारात अनियमित उड्डाणांसाठी पाचवे कलम वेगळे आहे हे खरे, आणि गोव्यात हिवाळाभर परदेशी पर्यटकांची चार्टर विमाने उतरत आली आहेत हेही खरे. पण तिथे पर्यटनसंस्थेने सहलीसाठी विमान ठरवलेले असते. ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, सुटी तिकिटे विकत तुम्ही बारा आठवडे उडणार असाल, तर त्याला नाव काहीही द्या, ती नियमित सेवाच आहे, आणि परदेशी अधिकाऱ्याला ती ओळखायला पाच मिनिटे पुरतात. आडवाटेने लवकर पोहोचू पाहणाऱ्यांबद्दल मला सहानुभूती उरलेली नाही. एकदा असा अर्ज फेटाळला गेला की त्या कार्यालयात तुमचा पुढचा प्रामाणिक अर्जही भिंगाखाली वाचला जातो.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगतो. युरोपीय संघाच्या सुरक्षा यंत्रणेची परदेशी कंपन्यांसाठीची मान्यता मिळाली म्हणून त्या देशांत उतरण्याचा हक्क मिळत नाही, आणि २०२१ पासून ब्रिटनसाठी ती मान्यता वेगळी घ्यावी लागते. २०१६ च्या नागरी विमान वाहतूक धोरणाने भारतीय कंपन्यांना परदेशी उड्डाणांसाठी असलेली पाच वर्षांच्या अनुभवाची अट काढली, तरी २० विमाने किंवा एकूण क्षमतेच्या २० टक्के, यांपैकी जे अधिक असेल ते देशांतर्गत सेवेत ठेवण्याची अट त्यात राहिली. ती न वाचता परदेशाची स्वप्ने रंगवणारे लोक मी पाहिले आहेत. आपल्याकडच्या मंडळींना पुणे जवळचे म्हणून तिथून मार्ग सुचवण्याची हौस असते, पण लोहगावची धावपट्टी हवाई दलाची आहे आणि गोव्याच्या दाबोळीची नौदलाची, त्यामुळे तिथल्या वेळा केवळ नागरी यंत्रणेच्या हातात नसतात. विम्याचे प्रमाणपत्र हंगामाच्या मध्यावर संपत असेल तर नवे मिळण्याची तजवीज आधी करा. मी प्रत्येक जोडपत्राच्या कोपऱ्यात त्याची अखेरची तारीख लाल शाईने लिहीत असे. हज यात्रेच्या उड्डाणांची तारीख मागच्या वर्षीच्या फाइलमधून उचलू नका, ती दर वर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकते.

मार्गावरच्या आकाशाचाही विचार करावा लागतो. २०१९ मध्ये पाकिस्तानचे हवाई क्षेत्र फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत बंद राहिले, आणि एप्रिल २०२५ मध्ये ते भारतीय विमानांना पुन्हा बंद झाले. वळसा घातला की प्रवास लांबतो, पोहोचण्याची वेळ बदलते, आणि वेळ बदलली की तिकडचा स्लॉट तुमचा राहत नाही. उत्तरेकडून पश्चिमेला जाणाऱ्या मार्गासाठी वळशाच्या वेळेचा हिशेब मी पहिल्या मसुद्यातच बाजूला लिहून ठेवतो.

हवे त्याहून जास्त मागून ठेवणे

हाव ही नवशिक्यांची आणि काही जुन्यांचीही सवय आहे. मे ते जुलै असे बारा आठवडे उडायचे असते, पण मागणी पूर्ण ३० आठवड्यांची जाते, ‘असू दे हाताशी’ म्हणून. गर्दीच्या विमानतळांवर मिळालेल्या स्लॉट-मालिकेपैकी, म्हणजे आठवड्यामागून आठवडे त्याच वारी त्याच वेळेला मिळालेल्या स्लॉटपैकी, किमान ८० टक्के वापर झाला तरच पुढच्या वर्षी त्याच हंगामात तिच्यावर तुमचा हक्क राहतो. ३० पैकी १२ म्हणजे ४० टक्के, अर्थात हक्क गेला. बाराच आठवड्यांची मालिका ठेवली असती, तर दहा उड्डाणांनी काम भागले असते. जास्तीचे आठवडे उन्हाळ्यासाठी ३१ जानेवारीपूर्वी सोडले तर ते या हिशेबात धरत नाहीत, पण पूर्ण मालिका परत करण्याची मुदत त्याआधी, १५ जानेवारीला असते. संक्रांतीचा तिळगूळ खाऊन झाल्यावर आठवण नको म्हणून मी हे काम भोगीच्या दिवशी उरकत असे. हिवाळी हंगामासाठी हीच मुदत १५ ऑगस्ट आहे. आपल्याकडे त्या दिवशी झेंडावंदनाची सुट्टी असते म्हणून समन्वयकाकडे ती सोळा तारखेवर जात नाही.