एकाच खुर्चीला दोघांनी हात घातला तर
ब्राउझरमध्ये चालणाऱ्या आणि अनेकांनी मिळून रचायच्या आभासी जगासाठी संपादक (एडिटर) सॉफ्टवेअर तयार करताना, वस्तू ओढतानाची तात्पुरती स्थिती आणि कायम जतन करायची स्थिती पहिल्यापासून वेगळ्या ठेवाव्यात. खुर्ची ओढताना सेकंदाला ६० वेळा बदलणारे स्थान थेट सामायिक दस्तऐवजात, म्हणजे सर्वांकडे सारख्याच राहणाऱ्या जतन केलेल्या नोंदीत, लिहिले, तर त्याचा इतिहास फुगत जातो आणि नंतर येणाऱ्याला दृश्य उघडायलाच वेळ लागतो. असा दस्तऐवज अनेकांमध्ये जुळवून ठेवणाऱ्या वायजेएस (Yjs) या लायब्ररीत, म्हणजे तयार कोडसंचात, अशा क्षणिक माहितीसाठी ‘अवेअरनेस’ ही स्वतंत्र सोय आहे. खुर्ची कोणाच्या हातात आहे आणि ती सध्या कुठे आहे, हे या सोयीतून सेकंदाला दहा-पंधरा वेळा पाठवावे, इतरांच्या पडद्यावर खुर्चीभोवती त्या व्यक्तीच्या रंगाची कडा दाखवावी आणि माउसचे बटण सोडल्यावरच अंतिम स्थान दस्तऐवजात नोंदवावे. ते एकाच नोंदीत असावे; तिन्ही अक्षांचे आकडे वेगवेगळे ठेवले, तर दोघांनी एकदम हलवलेली खुर्ची एकाचे डावे-उजवे स्थान आणि दुसऱ्याचे पुढे-मागे स्थान घेऊन थेट भिंतीत जाऊन बसते.

‘अनडू’ने मात्र फक्त स्वतःचाच बदल मागे जायला हवा, आणि मला हे सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण आपण तासभर मांडलेली खोली दुसऱ्याच्या एका कळीने विस्कटली की माणूस पुन्हा एकत्र काम करायला धजत नाही. वायजेएसच्या ‘अनडू मॅनेजर’ला कोणत्या उगमाचे, म्हणजे कोणाकडून आलेले, बदल लक्षात ठेवायचे ते सांगता येते. त्याची मूळ मुदत ५०० मिलिसेकंदांची असून तेवढ्या अवधीतले बदल तो एकत्र धरतो, म्हणून प्रत्येक ओढणे संपताच नवा टप्पा सुरू करावा.