घरी क्लच बदलताय? गिअरबॉक्स पुन्हा चढवण्याआधी या चुका टाळा

क्लचचं किट बसवणं हे काम तसं लहान आहे. दिवस जातो तो गिअरबॉक्स उतरवण्यात आणि चढवण्यात. म्हणूनच इथली चूक महागात पडते: क्लच प्लेट (घर्षणाची चकती) उलटी बसली हे कळतं कधी, तर सगळं बंद करून, ऑइल भरून, पेडल दाबल्यावर. मग पहिल्यापासून सगळं खोला.

हे सगळं पुढच्या चाकांवर चालणाऱ्या छोट्या पेट्रोल गाड्यांपुरतं आहे. एएमटी (क्लच आपोआप चालणाऱ्या) गाडीत क्लच बदलल्यावर स्कॅनरने सेटिंग करावं लागतं आणि बऱ्याच डिझेल गाड्यांत ड्युअल मास फ्लायव्हील (इंजिनला जोडलेली, दोन भागांची जड चकती) असतं. या गाड्या सरळ गॅरेजला न्या.

क्लच खरंच गेलाय का?

सायनच्या सिग्नलपासून घाटकोपरपर्यंत हाफ क्लचवर रांगणाऱ्या गाडीची प्लेट लवकर झिजते, हे खरं. पण प्रत्येक तक्रार प्लेटची नसते. केम्प्स कॉर्नरचा पूल चढताना इंजिनचा आवाज वाढतो आणि गाडी मात्र ओढत नाही, तर प्लेट घसरते आहे. तरीही आधी केबल बघा. केबल फार ताणलेली असेल, पेडलला वर मोकळीकच नसेल, तर चांगली प्लेटही घसरते. याउलट रिव्हर्स टाकताना करकर आवाज येत असेल, तर क्लच पूर्ण सुटत नाहीये. तिथे केबल ढिली असू शकते किंवा हायड्रॉलिक क्लचमध्ये हवा शिरलेली असू शकते. पेडल दाबल्यावर घरघर सुरू झाली तर संशय क्लच सोडवणाऱ्या रिलीज बेअरिंगवर घ्या. दाबल्यावर आवाज थांबत असेल तर दोष बहुधा गिअरबॉक्समधल्या इनपुट शाफ्टच्या (क्लचकडून आत जाणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगचा असतो, आणि क्लचचं नवं किट त्यावर काहीच करत नाही.

मुंबईचा पावसाळा इथेही आडवा येतो. जून ते सप्टेंबर गाडी हलवलीच नाही, तर दमट हवेत प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटते. पेडल दाबलं जातं, पण एकही गिअर पडत नाही. बऱ्याचदा मेकॅनिक गिअरबॉक्स न उतरवताच ती सोडवून देतो. त्याला विचारल्याशिवाय नव्या किटवर पैसे घालू नका.

जॅकच्या भरवशावर खाली जाऊ नका

सोसायटीच्या पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक असतील तर जॅक हळूहळू एका बाजूला कलतो. गाडी पक्क्या काँक्रीटवरच घ्या, मागच्या चाकांना ओट (चाक सरकू नये म्हणून ठोकळा) लावा आणि दोन्ही बाजूंना चांगल्या घोड्या (जॅक स्टँड) द्या. विटा किंवा लाकडाचे तुकडे नकोत. घोड्या, गोटी पाने, टॉर्क पाना हे सगळं नागदेवी स्ट्रीटला मिळतं. घोड्यांवर पैसे वाचवू नका.

हबचे नट (चाकाच्या मधोमध असलेले मोठे नट) गाडी उचलण्याआधी, चाक जमिनीवर असतानाच ढिले करून ठेवा. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. गिअरबॉक्सचं ऑइल सोडण्याआधी भरायचा बोल्ट सुटतोय का ते बघा, कारण ऑइल सांडून गेलं आणि वरचा बोल्ट गंजून बसलेला निघाला, तर गाडी तिथेच अडकते.

गिअरबॉक्सचं माउंटिंग काढलं की इंजिन लटकतं, हे अनेकांच्या लक्षात राहत नाही. त्याला खालून आधार द्या, पण ऑइल चेंबरवर जॅक थेट टेकवू नका. मध्ये जाड फळी ठेवा. छोट्या गाडीचा गिअरबॉक्सही तीसेक किलोचा असतो. दुसरा माणूस हवाच.

फक्त प्लेट बदलणं

ही सगळ्यात वाईट काटकसर. प्लेट, तिला फ्लायव्हीलवर दाबून धरणारी प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकत्रच बदला. गिअरबॉक्स खाली आहेच, तर क्रँकचं मागचं ऑइल सीलही बघा. ते गळत असेल तर नवी प्लेट ऑइलने भिजेल. फ्लायव्हीलवर निळसर डाग, बारीक तडे किंवा खोल चरे दिसले तर ते लेथवाल्याला दाखवा. साफ केलेलं फ्लायव्हील पावसाळ्यात रात्रभर उघडं राहिलं तर सकाळी त्यावर तांबूस गंज दिसतो. बसवण्याआधी ब्रेक क्लीनरने पुन्हा पुसा. आतली धूळ हवेने उडवू नका. मास्क लावा आणि ओल्या फडक्याने टिपून घ्या.

बसवताना

प्लेटवर फ्लायव्हीलची बाजू बहुतेक वेळा छापलेली असते. जुनी काढतानाच मोबाईलवर फोटो काढून ठेवा. प्लेटच्या घर्षणाच्या पृष्ठभागाला, म्हणजे फेसिंगला, ग्रीसचा हात लागता कामा नये. शाफ्टवरच्या खाचांना, म्हणजे स्प्लाइनला, ग्रीस लावायचं ते नखभर, कारण जास्त झालं तर फिरताना उडून फेसिंगवरच जातं.

प्लेट मधोमध धरायला अलाइनमेंट टूल वापरा, नजरेचा अंदाज चालत नाही. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळा आणि शेवटी मॅन्युअलमधल्या आकड्यावर टॉर्क पाना लावा. एकच बाजू आधी आवळली तर प्रेशर प्लेट वाकते.

आता सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक. गिअरबॉक्स जवळजवळ बसतो आणि शेवटचं बोटभर अंतर राहतं. हात भरून आलेले असतात, अंधार पडत असतो, आणि बोल्ट आवळून तो ओढून घ्यायचा मोह होतो. असं कधीच करू नका. आटे जातात, गिअरबॉक्सचा कान तुटतो. गिअरबॉक्स इनपुट शाफ्टवर लटकत सोडला तर प्लेटचा हब वाकतो. गिअरबॉक्स मागे घ्या, पाचवा गिअर टाका, ड्राइव्ह शाफ्टच्या जागेतून आतला भाग थोडा फिरवा म्हणजे स्प्लाइन जुळतील, आणि कोन सरळ धरून पुन्हा ढकला. अलाइनमेंट बरोबर असेल तर तो हातानेच बसतो.

सुरू केल्यावर

गिअर पडत नसेल तर आधी केबलची मोकळीक बघा किंवा हायड्रॉलिकमधली हवा काढा. उलट्या प्लेटचा संशय त्यानंतर घ्या. गाडी सुटताना थरथरत असेल तर फेसिंगला ऑइल लागलंय का आणि माउंटिंगचे बोल्ट नीट आवळलेत का, ते तपासा. पहिले काहीशे किलोमीटर चढावर गाडी हाफ क्लचवर धरू नका, हँडब्रेक लावा. काढलेलं ऑइल गटारात ओतू नका. कॅनमध्ये भरून ओळखीच्या गॅरेजला द्या, जुनं ऑइल ते गोळा करतात.